तसबिरीनंतरचा फाल्गुनराव

मराठी रंगभूमीवर जुन्या विनोदी नाटकांचे पुनरुज्जीवन गेल्या पंधरा-वीस वर्षांत सातत्याने होत असले, तरी त्याचा अर्थ बहुतेक वेळा संहितेची काटछाट, नव्या नेपथ्याची मांडणी आणि नामवंत नटाची योजना एवढ्यापुरताच घेतला गेला आहे. सुनील बर्वे यांच्या ‘सुबक’ संस्थेने २०१० पासून ‘हर्बेरियम’ या उपक्रमात जुनी नाटके मोजक्या पंचवीस-पंचवीस प्रयोगांसाठी पुन्हा रंगमंचावर आणली. त्यांत वसंत कानेटकरांचे ‘सूर्याची पिल्ले’ होते, तसाच बबन प्रभूंचा ‘झोपी गेलेला जागा झाला’ हा फार्सही होता. तो उपक्रम उघडपणे जतनाचा होता आणि त्या मर्यादेत तो मोलाचा ठरला. परंतु जतन आणि नवनिर्मिती या भिन्न गोष्टी आहेत. जतनात नाटक आहे तसे दाखवायचे असते, तर नवनिर्मितीत ते नाटक ज्या कारणाने हसवत होते ते कारण आजच्या समाजात कोठे शिल्लक आहे, याचा शोध घ्यावा लागतो. हा शोध मराठीत किती झाला आणि किती राहून गेला, हे पाहण्यासाठी गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘संगीत संशयकल्लोळ’ या नाटकाइतके योग्य उदाहरण दुसरे नाही.

या नाटकाची वंशावळ लांबची आहे. मोलिएर या फ्रेंच नाटककाराने १६६० मध्ये ‘स्गानारेल’ हे एकअंकी प्रहसन, म्हणजे प्रसंगांच्या गोंधळातून हसू निर्माण करणारे छोटे नाटक, लिहिले. त्यावरून आर्थर मर्फी याने १७६१ मध्ये इंग्रजीत पाच अंकी ‘ऑल इन द राँग’ रचले. देवलांनी त्याचे रूपांतर ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ या गद्य नाटकात १८९३ मध्ये केले आणि पुढे त्यातच पदे घालून त्याला संगीत नाटकाचे रूप दिले. हे संगीत रूप १९१६ मध्ये गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले, तेव्हा देवल हयात नव्हते. त्यात रेवतीची भूमिका बालगंधर्वांनी आणि फाल्गुनरावाची गणपतराव बोडसांनी केली. रूपांतर म्हणजे परभाषेतील कथेला आपल्या भूमीतील माणसे, चालीरीती आणि बोलणे देणे, हा अर्थ देवलांनी किती गंभीरपणे घेतला होता, हे पात्रांच्या नावांवरूनही दिसते. पुरुषांना त्यांनी महिन्यांची नावे दिली आणि स्त्रियांना नक्षत्रांची. त्यामुळे फाल्गुनराव, अश्विनशेठ, वैशाखशेठ, भादव्या ही मंडळी एकीकडे आणि कृत्तिका, रेवती, मघा, स्वाती दुसरीकडे, असे पंचांगातून उचललेले एक स्वयंपूर्ण जग उभे राहिले. आजचे बहुतेक नूतनीकरण ज्या संहितेला ‘मूळ’ मानून तिला हात लावायला कचरते, ती संहिताच तीन भाषा ओलांडून आलेले धाडसी नूतनीकरण आहे, ही गोष्ट विसरता कामा नये.

देवलांचे खरे कर्तृत्व मात्र नावांच्या पलीकडे आहे. १८९० मध्ये त्यांनी शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंजारराव’ लिहिले होते आणि तीन वर्षांनी ‘फाल्गुनराव’. एकात हातरुमाल आणि दुसऱ्यात तसबीर, म्हणजे दोन्हींत एक क्षुल्लक वस्तू भलत्याच हाती सापडते आणि नवऱ्याच्या मनात विष कालवते. एका नाटकात त्या विषाने निष्पाप पत्नीचा जीव जातो, तर दुसऱ्यात प्रेक्षागृह हसते. एकाच लेखकाने एकाच विकाराची शोकांत आणि सुखांत अशी दोन्ही रूपे इतक्या लागोपाठ हाताळावीत, हे मराठीत दुर्मीळ आहे. ही जोडी लक्षात घेतली, की फाल्गुनरावाचे हास्य किती निसरड्या कडेवर उभे आहे ते उमगते. आजच्या दिग्दर्शकाला या नाटकातून काही नवे काढायचे असेल, तर त्याची सुरुवात या कडेपासून व्हायला हवी. संशयी नवरा हा आज केवळ गमतीचा विषय राहिलेला नाही. त्याच्या संशयाने अनेक घरांत बायकांचे चालणे-बोलणे, नोकरी आणि शिक्षण बंद होते, याची जाणीव प्रेक्षागृहात बसलेल्या स्त्रियांना असतेच, आणि ती जाणीव झाकून हसवण्यापेक्षा ती सोबत ठेवून हसवणे अधिक कठीण व अधिक मोलाचे आहे.

रेवतीच्या बाबतीत तर देवलांनी कथेचा पायाच बदलला. मोलिएर आणि मर्फी यांच्या नाटकांतील प्रेयसी प्रतिष्ठित घरातील मुली आहेत. देवलांची रेवती मात्र नायकिणीची मुलगी आहे. नायकीण म्हणजे गाण्या-नाचण्यावर उपजीविका करणारी, लग्नाच्या चौकटीबाहेर ठेवली गेलेली स्त्री. अशा घरात जन्मलेल्या मुलीने एका पुरुषाशी, अश्विनशेठशी, एकनिष्ठ राहून संसार मागावा आणि तिला दिलेली आपली तसबीर परक्याच्या हाती दिसताच त्या पुरुषाने तिच्या जन्मावरून तिच्या निष्ठेचा निकाल लावावा, हे देवलांनी स्वतः घडवलेले नाट्य आहे. अश्विनशेठचा संशय तसबिरीतून निघतो खरा, पण त्याला बळ मिळते ते जातकुळीच्या पूर्वग्रहातून. जरठ-बाला विवाहाविरुद्ध ‘शारदा’ लिहिणाऱ्या देवलांची सुधारकी दृष्टी येथे विनोदाच्या आत मुरलेली आहे. आजच्या प्रेक्षकाला नायकिणीचे सामाजिक स्थान ठाऊक नसल्यामुळे रेवती त्याला जुन्या काळची एक सुंदर गायिका एवढीच वाटते आणि नाटकाची धार नेमकी तेथेच बोथट होते. नव्या प्रयोगांवर घ्यायचा सर्वांत मोठा आक्षेप हाच आहे.

गेल्या दशकात निपुण धर्माधिकारी यांच्या दिग्दर्शनाखाली राहुल देशपांडे यांनी अश्विनशेठ आणि प्रशांत दामले यांनी फाल्गुनराव साकारलेले ‘संशयकल्लोळ’ रंगभूमीवर आले. आटोपशीर संहिता, निवडक पदे आणि गद्याला दिलेली आजची गती यांमुळे संगीत नाटकाकडे पाठ फिरवलेला तरुण प्रेक्षकही त्याकडे वळला, हे श्रेय त्याला निःसंकोच द्यायला हवे. पण संक्षेपाने नाटकाचा वेग बदलतो, आशय बदलत नाही. पूर्वीच्या रसिकांसाठी पद हा कथेतला थांबा होता. ‘वन्स मोअर’ घेत पहाट उजाडली तरी कोणाची तक्रार नसे. आज तोच थांबा प्रसंगाची पकड सैल करतो, म्हणून पद गाळणे समजण्यासारखे आहे. गाळताना निकष कोणता, हा प्रश्न उरतो. गायकीची कीर्ती पाहून पद राखण्यापेक्षा पात्राचा संशय ज्या पदात वाढतो किंवा वितळतो ते राखावे आणि बाकीची सोडावीत, हा निकष नाटकाशी अधिक प्रामाणिक ठरेल.

तसबिरीचा प्रश्न याहून अवघड आहे. रेवतीला भोवळ येते, फाल्गुनराव तिला सावरतो, ते पाहून त्याच्या बायकोला, कृत्तिकेला, संशय येतो. रेवतीच्या हातून पडलेली अश्विनशेठची तसबीर कृत्तिकेच्या हाती लागते, ती पाहून फाल्गुनरावाला संशय येतो, आणि त्याच्या हाती ती दिसताच अश्विनशेठला. हा सारा डोलारा एका अटीवर उभा आहे : वस्तू एकच असावी आणि ती एका वेळी एकाच हातात असावी. तसबिरीच्या जागी मोबाइल ठेवला की ही अट मोडते. मोबाइलमधल्या छायाचित्राच्या हव्या तेवढ्या प्रती निघतात, ते कोणी कधी पाठवले याची नोंद त्यातच असते आणि गैरसमज एका फोनने मिटू शकतो. त्यामुळे केवळ वस्तू बदलून नाटक आजचे होत नाही. देवलांच्या काळी संशय माहितीच्या अभावातून जन्मत असे, आज तो माहितीच्या अतिरेकातून जन्मतो. निरोप वाचला गेल्याची निळी खूण दिसते पण उत्तर येत नाही, रात्री उशिरापर्यंत कोणी ‘ऑनलाइन’ दिसते, पुसलेल्या संदेशाची जागा रिकामी राहते. यांपैकी प्रत्येक गोष्ट खरी असते आणि तिचा लावलेला अर्थ खोटा असतो. फाल्गुनरावाच्या स्वभावाला याहून पोषक वातावरण कोणत्याही काळाने दिले नव्हते. तरीही या अंगाने कथानकाची नव्याने बांधणी करणारा प्रयत्न ठळकपणे पुढे आलेला नाही.

मराठीला अशी बांधणी जमत नाही असे मुळीच नाही. आचार्य अत्र्यांनी ब्रँडन थॉमसच्या ‘चार्लीज आंट’वरून ‘मोरूची मावशी’ बेतली आणि पु. ल. देशपांडे यांनी १९७५ मध्ये शॉच्या ‘पिग्मॅलियन’ची ‘ती फुलराणी’ केली, तेव्हा दोघांनी परक्या समाजाची वीण उसवून आपल्या समाजाची घातली. फुलराणीत तर बोलीच नाट्याचा विषय झाली.

बोलीचा विषय निघाला की वऱ्हाडी बोलणाऱ्या मारेगावसारख्या गावाचा विचार अपरिहार्य ठरतो. यवतमाळ जिल्ह्यातील हे तालुक्याचे ठिकाण वणीच्या शेजारी, कापसाच्या काळ्या मातीत वसलेले आहे. वर्धा नदी ओलांडली की चंद्रपूर जिल्हा लागतो, आणि तेथून पुढे गडचिरोली, भंडारा, गोंदियापर्यंत झाडीपट्टीची रंगभूमी पसरलेली आहे. धानाचा हंगाम आटोपल्यावर, दिवाळीपासून होळीपर्यंत, वडसा येथील नाट्यमंडळ्या गावोगावच्या मंडपांत रात्रभर नाटके करतात आणि तिकीट काढून आलेले हजारो शेतकरी ती पाहतात. या रंगभूमीवर विनोदी नटाला असलेले स्थान मोठे आहे. गडचिरोली जिल्ह्यातील परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये मिळालेला पद्मश्री किताब ही त्या स्थानाची उशिरा का होईना झालेली नोंद होय. झाडीपट्टीचे नट पाठ संहितेइतकेच समोरच्या प्रेक्षकावर लक्ष ठेवून खेळतात, गावातील ताज्या गोष्टी संवादांत आणतात आणि प्रसंग लांबवतात किंवा आवरतात. शहरी समीक्षेने याला वारंवार भडकपणा म्हटले. तो आक्षेप काही प्रयोगांना लागूही पडतो. परंतु प्रेक्षकाच्या दैनंदिन जगण्याशी विनोद जोडण्याची जी क्षमता नूतनीकरणाला हवी, ती येथे रोजच्या सरावात आहे. मारेगाव भौगोलिकदृष्ट्या झाडीपट्टीत मोडत नाही आणि मुंबई-पुण्याच्या दौऱ्यांच्या वाटेवरही नाही. दोन रंगभूमींच्या मधल्या अशा गावांतील प्रेक्षक कोणत्याच नव्या प्रयोगाच्या हिशेबात धरला जात नाही.

या प्रेक्षकासाठी ‘संशयकल्लोळ’ लिहायचे तर फाल्गुनराव जिनिंगचा मालक किंवा अडत्या होऊ शकेल. कृत्तिका वऱ्हाडी बोलेल आणि तिचा संशय नवऱ्याच्या संशयाइतकाच साधार किंवा निराधार ठरेल. रेवतीचे स्थान ठरवणे सर्वांत कठीण जाईल. तमाशाच्या किंवा ऑर्केस्ट्राच्या फडावर नाचणारी मुलगी, असे तिचे रूप देवलांच्या हेतूच्या सर्वांत जवळ जाते, कारण तिच्याकडे पाहणाऱ्या गावाची नजर आजही १८९३ मधल्या नजरेहून फार वेगळी नाही. अशा संहितेला कायद्याची अडचण नाही. देवलांचे निधन १९१६ मध्ये झाल्यामुळे त्यांच्या नाटकावरील स्वामित्वहक्क केव्हाच संपला आहे, आणि सार्वजनिक प्रयोगासाठी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र तेवढे लागते. पेटी, तबला आणि दोन गाणारे कलावंत मिळाले तर पदांची सोयही होते. अडते ते लेखनाशी : देवलांची गद्यावरील हुकमत आणि वऱ्हाडीचा कान या दोन्ही गोष्टी असलेल्या लेखकाने हे काम अंगावर घेणे बाकी आहे, आणि नाट्यसंस्थांनी पुनरुज्जीवनासाठी नटाला पाचारण करण्याआधी अशा लेखकाला पाचारण करणेही.