निर्वासित विजय : 'महावंसा'तील राजकथा आणि धम्माशी तिचे नाते

प्रस्तावना

सिंहली परंपरेत विजय हा लंकेचा पहिला राजा मानला जातो. पित्याने देशाबाहेर घालविलेला हा राजपुत्र लंकेत पोहोचण्यापूर्वी सुप्पारक बंदरात, म्हणजेच आजच्या पालघर जिल्ह्यातील सोपारा येथे उतरला होता, असे 'महावंस' सांगतो. त्यामुळे ही कथा महाराष्ट्रातील अभ्यासकांनाही जवळची वाटते. तथापि या जवळिकीपोटी विजयाला धम्माचा वाहक ठरविण्याचा मोह होतो आणि मूळ ग्रंथ त्याला आधार देत नाही. विजय आणि बौद्ध धम्म यांचे नाते नेमके कोणत्या स्वरूपाचे आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ग्रंथाचे स्वरूप

'महावंस' हा पाली पद्यग्रंथ इ. स. पाचव्या-सहाव्या शतकाच्या सुमारास अनुराधपूरच्या महाविहार परंपरेत रचला गेला. त्याचे कर्तृत्व महानाम थेरांकडे दिले जाते. 'दीपवंस' हा त्याहून जुना ग्रंथ. 'महावंसा'च्या प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी श्रद्धावंतांच्या ठायी प्रसाद आणि संवेग उत्पन्न व्हावा, हा हेतू स्पष्टपणे नोंदविलेला आहे. म्हणून त्यातील राजकथा इतिहासाची नोंद म्हणून वाचण्याआधी धार्मिक काव्य म्हणून वाचणे आवश्यक ठरते.

विजयाचे निर्वासन

लाळ देशातील सिंहपूरचा राजा सिंहबाहू याचा विजय हा ज्येष्ठ पुत्र. लाळ म्हणजे गुजरातचा लाट की बंगालचा राढ, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. सुप्पारकाचा आणि 'दीपवंसा'तील भरुकच्छाचा उल्लेख पश्चिम किनाऱ्याच्या बाजूने जातो. विजय आणि त्याचे साथीदार प्रजेला छळत. लोकांनी तीनदा गाऱ्हाणे मांडल्यावर राजाने विजयासह सातशे जणांची अर्धी डोकी भादरून त्यांना गलबतावर चढविले. सुप्पारकातही साथीदारांच्या दांडगाईमुळे त्यांना टिकता आले नाही आणि पुन्हा समुद्राची वाट धरावी लागली.

येथे एक बाब लक्षात घेण्यासारखी आहे. सिंहबाहूने आपल्या सिंहपित्याचा वध केलेला असतो. ह्युएनत्संगाने सातव्या शतकात नोंदविलेल्या कथेत पितृहत्या करणाऱ्या पुत्रालाच समुद्रात सोडून दिले जाते. 'महावंसा'त मात्र पितृघातक राजा होतो आणि शिक्षा पुढच्या पिढीच्या दुर्वर्तनाला मिळते. वंशाच्या मुळाशी असलेला हिंसेचा डाग ग्रंथकाराने पुसला नाही, हे त्याच्या प्रामाणिकपणाचे लक्षण मानावे लागेल.

संरक्षण आणि आचरण

विजय लंकेत उतरतो तो दिवस बुद्धांच्या महापरिनिर्वाणाचा आहे. तथागत शक्राला सांगतात की लंकेत आपले शासन प्रतिष्ठित होणार असल्याने विजयाचे रक्षण करावे. शक्र हे काम उप्पलवण्ण देवावर सोपवितो. देव परिव्राजकाच्या वेषात येऊन सर्वांवर पाणी शिंपडतो आणि हातांना सूत्र बांधतो. म्हणजेच हे रक्षण भावी शासनासाठी आहे. विजयाच्या गुणांचा त्याच्याशी संबंध नाही. विजय धर्मोपदेश ऐकत नाही, शरण जात नाही. धम्म लंकेत येतो तो पुढे देवानंपिय तिस्साच्या काळात, महिंद थेरांबरोबर.

विजयाने पूर्वीचे दुर्वर्तन सोडले आणि अडतीस वर्षे धर्माने राज्य केले, असे सातव्या परिच्छेदाच्या अखेरीस सांगितले आहे. पण हा पालट कसा घडला, याचा मागमूस नाही. उलट त्याआधीच कुवेणीचा प्रसंग येतो. या यक्षिणीच्या साहाय्यानेच विजयाने यक्षांचा निःपात केला. पुढे अभिषेकासाठी कुलीन राणी हवी म्हणून मदुरेच्या पंडुराजाची कन्या आणली गेली आणि कुवेणीला मुले ठेवून निघून जाण्यास सांगण्यात आले. मुलांना घेऊन ती स्वजनांकडे गेली. तेथे एका यक्षाच्या हातून ती मारली गेली. मुले डोंगराळ मलय प्रदेशात पळाली. पुलिंद हे त्यांचेच वंशज, असे ग्रंथ सांगतो. ज्याला बापाने हाकलले तोच राजा होताच आपल्या स्त्रीला हाकलतो. या कृत्याबद्दल ग्रंथकार निषेधाचा शब्द काढत नाही. करुणेची शिकवण देणाऱ्या परंपरेतील या काव्याची ही खरी उणीव आहे.

सोपारा आणि अजिंठा यांची साक्ष

'उदाना'त सुप्पारकाच्या समुद्रकाठी राहणारा बाहिय दारुचीरिय बुद्धांकडे धावत जातो आणि उपदेश ऐकून मुक्त होतो. त्याच बंदरातून विजय न बदलता पुढे जातो. सोपाऱ्यास १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा आणि स्तूपातील अवशेष मिळाले. विहारयात्रा सोडून धम्मयात्रा स्वीकारल्याचे आठव्या लेखात सांगितले आहे. १९५६ मध्ये नवव्या लेखाचा तुकडा मिळाला. लौकिक मंगलविधींचे फळ अल्प, धम्ममंगलाचे मोठे, असे तो लेख सांगतो. विजयाच्या हाती बांधलेले सूत्र या कसोटीवर अपुरे ठरते.

अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यातील भव्य चित्राला पूर्वी 'विजयाचे लंकेत आगमन' म्हटले जाई. आता ते सिंहलावदानाचे चित्र म्हणून ओळखले जाते. वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशीम, येथील वाकाटक राजा हरिषेण याच्या काळातील हे लेणे 'महावंसा'पासून फार दूरचे नाही. त्यातील सिंहल हा व्यापारी आहे. राक्षसीच्या मोहाला तो बळी पडत नाही, म्हणून लोक त्याला राजा करतात. येथे राज्याचा अधिकार संयमातून येतो.

निष्कर्ष

१. 'महावंसा'त विजयाचे धम्माशी नाते दैवी संरक्षणाचे आहे, आचरणाचे नाही.

२. निर्वासिताने राजा झाल्यावर दुसऱ्याला निर्वासित करणे, हा कथेतील न सुटलेला नैतिक पेच आहे.

३. या कथेला विसाव्या शतकात वांशिक हक्काची सनद मानले गेले. श्रीलंकेने १९८३ ते २००९ या काळात यादवी युद्ध भोगले. अशा भूमीत कुवेणीच्या मुलांचे स्थान काय, हा प्रश्न केवळ साहित्याचा राहत नाही.

नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या दीक्षेत धम्म हा प्रतिज्ञापूर्वक स्वीकारलेल्या आचरणाचा विषय होता. समाजाने बाहेर ठेवलेल्यांनी तो स्वतः स्वीकारला. त्या दृष्टीने पाहता विजयकथेचे मोल तिच्या नायकात नसून, धम्माचे संरक्षण लाभणे आणि धम्म जगणे यांतील अंतर ती नकळत दाखवून देते, यात आहे.