वाटेवर पडलेला माणूस कोण?

शास्त्र शब्दशः घ्यायचं की रूपक म्हणून, हा ख्रिस्ती परंपरेतला फार जुना वाद आहे. त्याचा सबंध इतिहास आज आपण घेणार नाही. लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातला चांगल्या शोमरोन्याचा दृष्टांत तेवढा घेऊ.

गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. यरुशलेमहून यरीहोला उतरणाऱ्या माणसाला लुटारू अर्धमेला करून टाकून जातात. याजक पाहतो आणि बाजूनं निघून जातो, लेवीही तसंच करतो. थांबतो तो शोमरोनी. तो जखमा बांधतो, जखमीला उतारशाळेत नेतो आणि तिथल्या रखवालदाराला दोन नाणी देतो.

तिसऱ्या शतकात ऑरिगेननं याचा एक परंपरेनं आलेला अर्थ नोंदवून ठेवला. तो असा: माणूस म्हणजे आदाम, यरुशलेम म्हणजे नंदनवन, यरीहो म्हणजे हे जग. याजक हे नियमशास्त्र, लेवी हे संदेष्टे, शोमरोनी हा ख्रिस्त आणि उतारशाळा म्हणजे मंडळी. पुढे संत ऑगस्टीननं तर रखवालदाराला प्रेषित पौल ठरवलं! सोळाव्या शतकात कॅल्व्हिननं हा सगळा अर्थ नाकारला. १९३५ साली सी. एच. डॉड यांनी दृष्टांतांवरच्या आपल्या पुस्तकात सुरुवातीलाच ऑगस्टीनचा अर्थ ठेवला, तो दृष्टांत कसे वाचू नयेत हे दाखवायला.

आक्षेप रास्त आहे. शास्त्र्यानं विचारलं होतं, माझा शेजारी कोण? रूपकात हा प्रश्नच गायब होतो. शोमरोनी थेट ख्रिस्त झाला, की यहुदी आणि शोमरोनी यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं वैरही पुसलं जातं. शेवटी येशू म्हणतो की तूही जाऊन तसंच कर. पण तारणाचं काम ख्रिस्तानं उरकलेलंच असेल, तर आपण करायचं काय? ऑगस्टीनचीच एक कसोटी आहे: ज्या अर्थानं देवावरची आणि शेजाऱ्यावरची प्रीती वाढत नाही, तो अर्थ शास्त्र समजल्याचं लक्षण नव्हे. त्या कसोटीवर त्याचं हे वाचन निम्मंच उतरतं, असं आपल्याला म्हणावं लागेल.

पण मग सरळ अर्थ पुरेसा आहे का? ‘गरजूंना मदत करा’ एवढंच सांगायचं असतं, तर जखमी माणूस शोमरोनी आणि मदत करणारा यहुदी दाखवता आला असता. ऐकणारा शास्त्री खूश होऊन घरी गेला असता. येशूनं नेमकं उलट केलं. ज्याचा स्पर्शही नकोसा, त्याच्याच हातून जीव वाचतो. म्हणजे ऐकणाऱ्यानं आधी स्वतःला त्या वाटेवर पडलेलं पाहायचं आहे. आणि बघा, हे रूपकवाल्यांनी बरोबर ओळखलं होतं! त्यांच्या वाचनात आपण दाते नसतो, जखमी असतो.

तेव्हा आपल्यापुढचा खरा प्रश्न असा, की वाचताना आपण गोष्टीत कुठं उभे राहतो. नुसतं रूपक घेतलं तर आपण बरे होऊन उतारशाळेतच मुक्काम ठोकतो. नुसता उपदेश घेतला तर स्वतःला शोमरोनी समजून मिरवतो. धर्मादाय कामात हा धोका रोजचा असतो. शास्त्र्याला उत्तर देतानाही ‘शोमरोनी’ हा शब्द उच्चारवला नाही, ‘दया करणारा’ एवढंच तो म्हणाला. आपल्या तोंडून कुणाचं नाव निघत नाही, ते ज्याचं त्यानं तपासावं. आता प्रश्न घेऊ.