चैत्या भरभर बोलत नाही

'नाळ' पाहिलेल्या पुण्या-मुंबईच्या मित्रांकडून एक तक्रार मी कितीदा तरी ऐकली आहे : "पिक्चर भारी आहे, पण तो पोरगा फार भरभर बोलतो. अर्धं कळलंच नाही."

हा सिनेमा २०१८ चा. दिग्दर्शक सुधाकर रेड्डी यक्कंटी, संवाद नागराज मंजुळे यांचे. विदर्भातल्या नदीकाठच्या गावातला आठेक वर्षांचा चैत्या हा त्याचा नायक. ही भूमिका करणाऱ्या श्रीनिवास पोकळेला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. त्याच्या अभिनयाबद्दल कुणी वाद घालत नाही. तक्रार असते ती वेगाची.

आता हेच मित्र व्हॉट्सअ‍ॅपवरचे व्हॉइस मेसेज दीडपट, दुप्पट वेगाने ऐकतात आणि त्यांना सगळं कळतं. मग चैत्यापाशीच घोडं का अडतं?

बोलण्यात शब्दांमध्ये मोकळी जागा नसते. ती आपण लिहिताना सोडतो. ऐकताना मात्र आपला कान ओळखीच्या शब्दांच्या आधाराने सलग आवाजाचे तुकडे पाडतो. ओळख नसेल तर तुकडे पडत नाहीत आणि आपल्याला वाटतं, समोरचा घाई करतोय. 'सायन्स अ‍ॅडव्हान्सेस'मध्ये २०१९ साली आलेल्या एका अभ्यासात १७ भाषा तपासल्या होत्या. जपानी माणसाच्या तोंडून सेकंदाला जास्त अक्षरं निघतात, थाई माणसाच्या तोंडून कमी. पण सेकंदाला पोचणारी माहिती जवळपास सारखीच, साधारण ३९ बिट. म्हणजे 'ते लोक फारच फास्ट बोलतात' यातला बराचसा भाग ऐकणाऱ्याच्या कानात घडतो.

मी अचलपूरचा. आमच्याकडे धावणारी शकुंतला मूर्तिजापूरपर्यंतचे ७६ किलोमीटर कापायला चारेक तास घ्यायची, त्यामुळे वेगाचा आरोप आमच्या गावावर कुणी करेल असं वाटलं नव्हतं. तो झाला बोलण्यावरून. "काऊन बे, येऊन नाई राह्यला का?" हे वाक्य पुण्यातल्या मित्राला तुम्ही कितीही सावकाश ऐकवा. 'राह्यला' म्हटलं की त्याच्या कानाला मुक्काम ऐकू येतो. आमच्याकडे ती क्रिया चालू असल्याची खूण आहे. इथे वेग कमी करून काही होत नाही. चार-पाच खुणा माहीत असल्या की होतं : 'ला'चा 'ले' (मले, तुले), 'ळ'चा 'य' (डोया, काया), 'का'च्या जागी 'काऊन', आणि आईला हाक मारताना लागणारा 'व'. हा 'व' तर 'जाऊ दे न व' या गाण्याच्या नावातच आहे. गाणं महाराष्ट्रभर वाजलं, पण 'व' म्हणजे काय हे किती जणांनी विचारलं?

'नाळ'चं मोठेपण मला इथे दिसतं. टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमांत वऱ्हाडी शब्द सुटा करून, ताणून, हशासाठी जागा सोडून फेकला जातो. तो सगळ्यांना कळतो, कारण तो सगळ्यांसाठीच कापलेला असतो. चैत्याचं बोलणं प्रेक्षकासाठी थांबत नाही. तो आईशी बोलतोय, आपल्याशी नाही. मोठ्यांची वऱ्हाडी कधीकधी माझ्या कानाला जपून टाकलेल्या पावलांसारखी वाटते. पोराची तशी वाटत नाही.

आणि हा वेग कथेत कामाचाही आहे. लाड पुरवून घेताना, हट्ट करताना चैत्या सुसाट असतो. ही आपली सख्खी आई नाही हे मामाकडून कळल्यावर तो बोलायचा कमी होतो आणि आईला नुसता न्याहाळत राहतो. आधीचा सुसाटपणा म्हणजे या घरात त्याला वाटणारी निर्धास्ती होती, हे तेव्हा लक्षात येतं. हेच संवाद परक्या कानांसाठी हळू केले असते तर नंतरची शांतता इतकी बोचली नसती.

म्हणून 'हळू बोल' ही मला साधी विनंती वाटत नाही. अचलपूर-परतवाड्याची पोरं पुण्याच्या होस्टेलवर, मुलाखतीत हे ऐकतात तेव्हा ती नुसती हळू होत नाहीत, कमी होतात. आधी 'काऊन' जातं, मग गोष्टी सांगणं जातं, शेवटी 'हो' आणि 'नाही' तेवढं उरतं. वर्षभराने कुणीतरी म्हणतं, हा शांत स्वभावाचा आहे.

आमचेही कान काही वेगळे नाहीत. मेळघाटातून बाजाराला येणारी माणसं आपसात कोरकू बोलतात. कोरकू मुंडा कुळातली, मराठीशी नातं नसलेली भाषा. दुकानदार म्हणतात, "हे लोक लय फास्ट बोलतेत बापा!" तीच माणसं दुकानात आमच्या मराठीपुढे गप्प उभी राहतात आणि भाव न करता पैसे देऊन जातात.

तेव्हा 'नाळ' फोनवर पुन्हा लावा. वेग कमी करू नका. वरच्या खुणा तेवढ्या ध्यानात ठेवा आणि पहिली दहा मिनिटं काही सुटलं तर सुटू द्या. आणि असं बोलणारं माणूस समोर भेटलं तर त्याला थांबवू नका. जो शब्द अडला तेवढाच विचारा : "'राह्यला' म्हणजे?" वऱ्हाडी माणूस याचं उत्तर लय खुशीनं देते, आणि उदाहरणंही तीन-चार देते.