'ध'चा 'मा' : भाडोत्री मारेकरी आणि लोककल्पना

नाशिकच्या पश्चिमेस गोदावरीकाठी असलेली आनंदवल्ली रघुनाथराव पेशव्यांच्या पत्नी आनंदीबाई यांचे नाव आजही धारण करून आहे. १७९४ साली त्यांचा अंतही तेथेच झाला. मराठी भाषेने मात्र त्यांची स्मृती 'ध'चा 'मा' करणे या वाक्प्रचारात जतन केली. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा वध केला. रघुनाथरावांच्या आज्ञेतील 'धरावे' या शब्दाचे 'मारावे' आनंदीबाईंनी केले, अशी ही कथा आहे.

कथेचा आधार तपासला पाहिजे. ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासात ती नमूद केली. मूळ कागद रामशास्त्र्यांच्या हाती आला व फेरफार उघडकीस आला, असे तो सांगतो. परंतु तो फेरफार आनंदीबाईंचा, हे मात्र तो सर्वसाधारण समजुतीच्या भरवशावरच लिहितो. समजुतीचा पुढे सिद्धान्त झाला.

'धरावे' व 'मारावे' ही दोन्ही विध्यर्थी रूपे होत. अशा रचनेत कर्ता अध्याहृत राहू शकतो. लोककथेनेही नेमके हेच केले: आज्ञेतील अक्षर लक्षात ठेवले आणि कर्ता गाळला.

वस्तुतः गारदी हे पगारी पायदळ. थकलेल्या पगाराचे निमित्त करून ते वाड्यात शिरले. सुमेरसिंग त्यांचा म्होरक्या. परंतु रघुनाथरावांना बिलगलेल्या नारायणरावांना ओढणारा तुळाजी पवार हा गारदी नसून पदरचा सेवक होता. म्हणजे या कृत्यास शस्त्राइतकीच आतल्या माणसांची जोड लागली. रामशास्त्र्यांनीही दोष अक्षराला न देता रघुनाथरावांना दिला.

आजच्या मराठीतील 'सुपारी' या शब्दाची कथा अशीच आहे. लग्न ठरविताना फोडली जाणारी, तमाशाच्या फडाला ठराव म्हणून दिली जाणारी सुपारी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या गुन्हेगारी जगात खुनाच्या कराराचे नाव झाली. येथे सौद्यावर मंगलविधीचे आवरण पडते, तेथे लेखणीच्या करामतीचे.

दोन्ही ठिकाणी मारेकरी अद्भुत होतो आणि त्यास पोसणारा दृष्टीआड जातो. म्हणून वाक्प्रचार हा समाजाच्या स्मृतीचा पुरावा मानावा, गुन्ह्याचा नव्हे. अभ्यासकाने गाळलेला कर्ता प्रथम शोधावा.