‘स्मृतिचित्रे’ : विनोदाच्या पलीकडे

लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ हे मराठीतील श्रेष्ठ आत्मचरित्रांपैकी एक, याविषयी दुमत नसावे. १९३४ ते १९३६ या काळात ते भागाभागाने प्रसिद्ध झाले आणि आजही आवडीने वाचले जाते. माझी तक्रार पुस्तकाविषयी नाही. आपल्या वाचनाविषयी आहे.

आपल्याला त्यातले काय आठवते? सोवळ्याने पछाडलेले वडील, विक्षिप्त आणि उदार टिळक, आणि या सर्वांकडे मिस्किलपणे पाहणाऱ्या लक्ष्मीबाई. धर्मांतर म्हणजे जणू त्या संसारातला एक अपघात! तो ओलांडून आपण पुढच्या गमतीकडे वळतो.

वास्तविक पुस्तकाचा कणा तिथेच आहे. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी तो घेतला त्यानंतर साधारण पाच वर्षांनी. मधल्या काळात आधी वियोग झाला, मग त्या नवऱ्याकडे परतल्या, पण स्वयंपाक-पाणी वेगळे ठेवून. हे सोवळे सुटले ते कोणाच्या उपदेशाने नव्हे. जात देवाने केली नाही, माणसाने केली, हे त्यांना स्वतःला पटले. आधी ताटातला भेद गेला, मग धर्म बदलला. तेव्हा ‘नवऱ्यामागून ख्रिस्ती झाल्या’ हे म्हणणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे.

त्यांचा विनोदही इथूनच येतो. जे सोवळे त्यांनी स्वतः पाळले आणि स्वतः टाकले, त्यालाच त्या हसतात. ही मोकळीक त्यांना श्रद्धेने दिली. श्रद्धा वगळली तर उरतात केवळ एका तऱ्हेवाईक नवऱ्याचे किस्से.

पुस्तकाला मर्यादाही आहेत. बाप्तिस्म्यापूर्वी टिळकांच्या मनात काय चालले होते ते आपल्याला बाहेरूनच दिसते, कारण लक्ष्मीबाईंना ते तसेच दिसले. शिवाय नगर जिल्ह्यातील बहुसंख्य ख्रिस्ती महार-मांग समाजांतून आले. माझे घराणेही त्यांतलेच. आमची कहाणी या पुस्तकात कडेकडेनेच येते.

हे सारे नेदरलँड्समध्ये राहून अधिक टोचते. मास्ट्रिख्टला तेराव्या शतकातले डोमिनिकन चर्च आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच राजवटीत ते उपासनेला मुकले, आणि २००६ पासून तिथे पुस्तकांचे दुकान आहे. वेदीच्या बाजूला कॉफीपान चालते, आणि तिथले मोठे टेबल क्रुसाच्या आकाराचे आहे. दुकान सुंदर आहे, मी आवर्जून जातो. पण तिथे क्रूस उरला आहे तो टेबलाच्या आकारापुरता. २०१७ च्या सरकारी आकडेवारीनुसार या देशातील पंधरा वर्षांवरील निम्म्याहून अधिक लोक कोणताच धर्म मानत नव्हते. सुट्ट्या मात्र आजही नाताळच्या, ईस्टरच्या. इथे श्रद्धेला कोणी हाकलत नाही. तिचे कौतुक करून तिला शोभेची वस्तू केली जाते. ‘स्मृतिचित्रे’चे आपण नेमके हेच केले आहे.

आमच्या मुलांना दोन प्रश्न वारंवार ऐकावे लागतात. मराठी मंडळींत, ‘मराठी आहेस, मग ख्रिश्चन कसा?’ डच मित्रांत, ‘तुम्ही अजून चर्चला जाता?’ विचारणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसते. पण एकाला आमची श्रद्धा परकी वाटते, दुसऱ्याला शिळी. मग गप्प राहणे मुलांना सोयीचे वाटते, आणि ओळख हरवते ती अशी, कोणाशीही भांडण न होता.

याला उत्तर टिळकांच्या घरात सापडते. टिळकांनी अभंगाच्या चालीवर ख्रिस्ताला आळवले. ‘ख्रिस्तायन’ अपुरे ठेवून ते १९१९ साली गेले, आणि शाळेत न गेलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुरे केले. ख्रिस्ती होताना त्यांनी मराठीपण खुंटीला टांगले नाही, आणि मराठीपणासाठी श्रद्धा झाकली नाही. आमच्या घरी नाताळला करंज्या-चकल्या होतात आणि ‘उपासना संगीत’ उघडून पेटीवर टिळकांची भजने होतात. पण तेवढ्यावर भागत नाही. केवळ करंज्या उरल्या तर आमचा नाताळही त्या टेबलासारखाच. ज्याला भजतो त्याचे नाव मुलांसमोर आणि पाहुण्यांसमोरही न संकोचता घेता आले पाहिजे.

म्हणून विनंती एवढीच : ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचा, मुलांना वाचून दाखवा, जरूर हसा, पण धर्मांतराची पाने गाळू नका. लक्ष्मीबाईंनी ती गाळली नव्हती.