तक्रार तिची, तडजोड दोघांची

'आय कॅन स्पीक' (2017) हा कोरियन सिनेमा सुरुवातीला चक्क विनोदी आहे. ना ओक-बुन या म्हातारीने सरकारी ऑफिसात हजारो तक्रारी केल्यात. तिला बघून कर्मचारी लपतात. नवा आलेला मिन-जे तिला इंग्रजी शिकवायला लागतो. अमेरिकेतल्या भावाशी बोलण्यासाठी ती धडपडतेय, असं वाटतं. मग कळतं, जपानी सैन्याने लैंगिक गुलाम केलेल्या मुलींपैकी ती एक आहे. पुढे तिला अमेरिकन काँग्रेससमोर साक्ष द्यायची आहे. अशी साक्ष फेब्रुवारी 2007 मध्ये खरोखर झाली होती.

ना मून-ही या अभिनेत्रीने ही बाई कुठेही बिचारी होऊ दिलेली नाही. तक्रारखोर म्हणून आपण जिला हसलो, तिचा तोच हट्ट शेवटी साक्ष देताना कामी येतो. पटकथेची ही बांधणी मला फार आवडली.

खटकलं ते वेगळंच. सिनेमात खलनायक फक्त जपानी आहेत. प्रत्यक्षात दोन्ही देशांच्या वाटाघाटी 1951 पासून चालल्या आणि 1965 मध्ये करार झाला. जपानने 30 कोटी डॉलर अनुदान आणि 20 कोटी डॉलर कर्ज दिलं; दावे 'पूर्णपणे आणि अंतिमतः' मिटले, असं लिहून घेतलं. यातला पैसा पोहांगच्या पोलाद कारखान्यासारख्या प्रकल्पांत गेला. वाटाघाटींची कागदपत्रं 2005 मध्ये खुली झाली, तेव्हा दिसलं की लोकांना भरपाई आम्ही देऊ, असं कोरियन सरकारच म्हणालं होतं. या बायकांचा तर करारात उल्लेखही नाही. किम हाक-सुन यांनी उघडपणे आपली कहाणी सांगितली ती 1991 मध्ये.

म्हणजे ओक-बुनची सगळ्यात जुनी तक्रार तिच्याच सरकारवर असायला हवी होती. सरकारी ऑफिसातल्या टोलवाटोलवीवर इतका वेळ हसवणाऱ्या सिनेमाला हा धागा सहज जोडता आला असता. तो वॉशिंग्टनच्या टाळ्यांकडे वळतो.

आम्ही सॉफ्टवेअरवाले तिकीट बंद करण्याआधी ते उघडणाऱ्याला विचारतो. 2015 मध्ये दोन परराष्ट्रमंत्र्यांनी हा प्रश्न पुन्हा एकदा 'अंतिम' मिटवला. जपान 100 कोटी येन देणार होता. वाचलेल्या आज्यांशी नीट बोलणं झालंच नव्हतं, हे नंतर कोरियन सरकारच्याच समितीने मान्य केलं.

सिनेमा जरूर बघा. फक्त ओक-बुन बोलू लागते, तेव्हा त्या सभागृहात कोण हजर नाही, हेही बघा.