डोंगर इथला, निबंध कुठला?

संशोधनाच्या जगात २०२५ या वर्षी दोन मोठ्या गोष्टी घडल्या. केंद्र सरकारची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही योजना १ जानेवारीपासून सुरू झाली आणि फेब्रुवारीत विद्यापीठ अनुदान आयोगाने नियतकालिकांची ‘केअर’ यादी बंद केली. विद्यापीठांच्या वर्तुळात या दोन्हींची चर्चा झाली ती प्राध्यापकांची सोय आणि बढती यांच्या अंगाने. ज्या गावांवर, डोंगरांवर आणि माणसांवर हे संशोधन होते, त्यांच्या हाती यातून काय येते, हा प्रश्न बाजूला राहिला. कर्जत-खालापूरच्या पट्ट्यातून तो विचारणे भाग आहे.

आधी योजनेविषयी. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके आणि ६,३०० हून अधिक सरकारी संस्था असा तिचा पसारा आहे. पूर्वी श्रीमंत संस्थेला जे वाचायला मिळे, ते आता आडगावच्या सरकारी महाविद्यालयालाही मिळेल. हा लाभ लहान नाही. मात्र तो संस्थेच्या नावावर मिळतो, नागरिकाच्या नव्हे. वर्गणी जनतेच्या पैशातून भरली जाते, पण सार्वजनिक वाचनालयाचा सभासद, निवृत्त अभियंता, वाडीवर काम करणारा कार्यकर्ता हे सगळे दाराबाहेरच राहतात. एकेका निबंधासाठी तीस-चाळीस डॉलर मोजणे त्यांच्या आवाक्यातले नाही.

याचा परिणाम विचित्र होतो. कोंडाणे लेण्यांचे वर्णन १८८० च्या फर्ग्युसन-बर्जेस यांच्या ग्रंथात आहे आणि १८८२ च्या ठाणे गॅझेटियरमध्येही आहे. कर्जत तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. हे दोन्ही ग्रंथ आज घरबसल्या फुकट वाचता येतात. त्याच लेण्यांवरचा ताजा निबंध मात्र कुलपात असू शकतो. मग स्थानिक अभ्यासक दीडशे वर्षांपूर्वीच्या माहितीवर लिहितो आणि ‘हौशी मंडळी जुनेच उगाळतात’ असा शेरा ऐकून घेतो. ज्याला नवे वाचूच दिले नाही, त्याला जुनेपणाचा दोष देणे न्यायाचे नाही.

आता यादीविषयी. प्राध्यापकांच्या बढतीला निबंधांच्या संख्येशी बांधले, तेव्हा निबंध छापून देण्याचा धंदा उभा राहिला. पैसे भरा, आठवड्यात छापून घ्या! आयोगाने मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी केली, तर बोगस जर्नले त्या यादीतही शिरली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यापीठांच्या शिफारशीने यादीत आलेली १,००९ नियतकालिके तपासली. निकषांना उतरली ती फक्त ११२. हा अभ्यास २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ४,३०५ नियतकालिके यादीतून काढली. पुढे ‘केअर’ यादी आली, आणि आता तीही गेली. नियतकालिक पारखण्याची जबाबदारी संस्थांवर सोपवून आयोगाने त्यासाठी मार्गदर्शक निकष दिले आहेत. यादी असो वा नसो, विचारला जाणारा प्रश्न एकच राहिला: निबंध कुठे छापला? तो कोणाच्या उपयोगी पडला, ज्यांच्याविषयी आहे त्यांनी तो तपासला का, हे कोणत्याच रकान्यात नाही.

या रकान्याची किंमत काय असते, ते खालापूर तालुक्याला ठाऊक आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री इरशाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले. ५७ माणसे बेपत्ता राहिली आणि शोधकार्य थांबवावे लागले. ही ठाकर समाजाची वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे शासनाने नंतर सांगितले. ते खरेच होते, आणि त्यातच सारी गोम आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने २०१४ मध्ये दरडप्रवणतेचे देशव्यापी नकाशे करण्याचे काम हाती घेतले ते १:५०,००० या प्रमाणात. म्हणजे नकाशावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर पाचशे मीटर. शंभर-दीडशे मीटर लांबीची वाडी अशा नकाशावर दोन-तीन मिलिमीटरांत संपते. असे नकाशे जिल्ह्याचे धोरण ठरवायला हवेतच. पण कोणत्या घरामागची माती सुटते आहे, कोणत्या झऱ्याचे पाणी यंदा अचानक गढूळ झाले, हे त्यांत दिसत नाही. ते तिथे राहणाऱ्याला दिसते. नकाशा वाडीपर्यंत उतरला नाही आणि वाडीचे निरीक्षण नकाशापर्यंत चढले नाही, तर दोन्ही ज्ञाने अर्धीच राहतात. निबंध वाचून दरड थांबली असती, असे म्हणण्याचा आगाऊपणा मी करणार नाही. मात्र माळीण (२०१४), तळिये (२०२१) आणि इरशाळवाडी यांच्याविषयीचा अभ्यास डोंगरउतारावरच्या उरलेल्या वाड्यांना त्यांच्या भाषेत सांगण्याची रीत आपण पाडली पाहिजे, एवढे नक्की.

हे अशक्य आहे, असे म्हणणाऱ्याने कर्जतचे प्रादेशिक कृषी संशोधन केंद्र पाहावे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे हे केंद्र भातावर काम करते. ‘कर्जत’ नावाच्या क्रमांकवार जाती आणि ‘सह्याद्री’ हे संकरित वाण इथलेच. शेतकरी त्यावरचे इंग्रजी निबंध वाचत नाही. तो बियाणे पेरतो. पीक आडवे पडले, तांदूळ चवीला उतरला नाही, तर पुढच्या वर्षी ते वाण घेत नाही. संपादकाने निवडलेल्या दोन परीक्षकांपेक्षा बांधावरचा हा परीक्षक कडक. प्रत्येक विद्येला बियाण्याचे रूप देता येणार नाही हे खरे. इतिहासाचे किंवा समाजशास्त्राचे पोते भरून देता येत नाही. पण संशोधन जिथून उचलले तिथे परत नेऊन पारखून घेण्याचे तत्त्व सगळ्यांना लागू आहे. आज वाडीवर प्रश्नावली घेऊन माणसे येतात, कातकरी-ठाकरांची उत्तरे लिहून नेतात, आणि त्या उत्तरांचे पुढे काय झाले ते उत्तर देणाऱ्याला बहुधा कळत नाही.

मराठीला ही रीत परकी नाही. १८६७ मध्ये निघालेल्या ‘विविधज्ञानविस्तार’ने नवे ज्ञान सामान्य वाचकापर्यंत नेले. १९१० मध्ये स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळामागे राजवाडे होते, ज्यांनी गावोगावची दप्तरे धुंडाळली आणि मराठीतच लिहिले. त्यांच्या कित्येक अनुमानांवर वाद झाले. ते होऊ शकले, कारण ती वाचकाला वाचता येत होती. जे वाचताच येत नाही, ते खोडता तरी कसे येणार?

म्हणून मागणी साधी आहे. सार्वजनिक पैशावर एखाद्या तालुक्यात संशोधन झाले, तर त्याचा दोन पानी मराठी सारांश ग्रामपंचायतीला आणि तालुक्याच्या वाचनालयाला द्यावा, आणि बढतीच्या हिशेबात त्याला गुण असावेत. देशाने घेतलेली वर्गणी सार्वजनिक ग्रंथालयांतल्या निदान एकेका संगणकावर खुली व्हावी. आणि मराठी नियतकालिकांनी अशा सारांशांना, त्यांवरच्या गावकऱ्यांच्या आक्षेपांनाही, जागा द्यावी. ६,००० कोटींच्या वर्गणीपुढे हा खर्च किरकोळ आहे.